जमिनीखालच्या खोल्या, कानातला आवाज: चर्चिल वॉर रूम्स नीट बघायच्या कशा

लंडनला जाऊन आलेल्या बऱ्याच जणांना मी विचारलंय की चर्चिल वॉर रूम्स (दुसऱ्या महायुद्धात पंतप्रधान चर्चिलचं सरकार जिथून युद्ध चालवायचं त्या तळघरातल्या खोल्या, आता म्युझियम) कशा वाटल्या, आणि उत्तर साधारण एकच येतं: "मस्त होतं, जुने टेलिफोन होते, नकाशे होते, गर्दी फार." बस्स. त्यांची चूक नाहीये खरं तर, ती जागाच तशी आहे. अरुंद पॅसेज, बाजूला काचा, काचेपलीकडे टेबल-खुर्ची-पलंग, कानात ऑडिओ गाइडचा आवाज सतत काहीतरी सांगतोय, मागचा माणूस पुढे सरकायची वाट बघतोय, आपण ऐकतो, सरकतो, परत ऐकतो, दीड तासाने बाहेर येतो आणि डोक्यात नुसती खिचडी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा अगदी हेच झालं. दुसऱ्यांदा थोडं वाचून गेले, तेव्हा कळलं की पहिल्या वेळी मी फर्निचर बघून आले होते. तर ते जे थोडं वाचलं ते इथे सोप्या भाषेत सांगते, म्हणजे कानातल्या आवाजाच्या मागे धावावं लागणार नाही.

आधी त्या यंत्राबद्दल पटकन. म्युझियममध्ये ऑडिओ टूर हा प्रकार नवा नाही, १९५२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियमने हे सुरू केलं, तेव्हा शॉर्टवेव्ह रेडिओवरून एकच टेप वाजायची, म्हणजे हॉलमधले सगळे लोक एकाच क्षणी एकच वाक्य ऐकत एकाच चित्राकडे माना वळवायचे. आता प्रत्येक थांब्याची वेगळी ऑडिओ फाइल असते, आपण हवी ती लावायची. काही म्युझियममध्ये ब्लूटूथचे छोटे डबे बसवलेले असतात, जवळ गेलं की फाइल आपोआप सुरू होते. वॉर रूम्ससारख्या जागेत हे यंत्र जवळजवळ गरजेचंच आहे, कारण पॅसेज इतके चिंचोळे आहेत की गाइड वीस जणांना घेऊन उभा राहिला तर मागचं सगळं ट्रॅफिक जाम, आणि लांबलचक माहितीफलक लावायला भिंतीच शिल्लक नाहीत, भिंती म्हणजेच प्रदर्शन आहे. पण याची एक गोची आहे. फाइल एका ठरलेल्या क्रमाने गोष्ट सांगते आणि आपल्याला वाटतं की हाच इतिहासाचा क्रम. तो चालण्याचा क्रम असतो. पॅसेज जिथे वळतो तिथे गोष्ट वळते.

म्हणून पहिला प्रश्न, जो पॅसेजमध्ये शिरायच्या आधीच सोडवून टाकावा: ही जागा मुळात झाली का?

१९३०च्या दशकात ब्रिटिश सरकारला सगळ्यात जास्त भीती कशाची होती तर विमानातून पडणाऱ्या बॉम्बची. हवाई खात्याचा १९३६ चा अंदाज होता की युद्ध झालं तर लंडनमध्ये आठवड्याला दोन लाखांपर्यंत माणसं मरतील किंवा जखमी होतील. अंदाज प्रत्यक्षात फारच फुगवलेला निघाला, पण तेव्हा तो खरा मानला गेला, आणि मग प्रश्न आला की एवढा विध्वंस चालू असताना पंतप्रधान, मंत्री आणि तिन्ही सेनादलांचे प्रमुख बसणार कुठे. सरकार लंडनबाहेर हलवायचे प्लॅन होते, पण तोपर्यंत तात्पुरती सोय म्हणून व्हाइटहॉल या सरकारी कचेऱ्यांच्या भागातल्या एका भक्कम इमारतीचं तळघर निवडलं, आज तिथे ट्रेझरी, म्हणजे अर्थखातं, आहे. पार्लमेंट जवळ, पंतप्रधानांचं घर दहा डाउनिंग स्ट्रीट जवळ, इमारतीचा सांगाडा स्टीलचा. १९३८ मध्ये काम सुरू झालं आणि २७ ऑगस्ट १९३९ ला जागा चालू झाली. ब्रिटनने युद्ध पुकारलं ३ सप्टेंबरला, म्हणजे फक्त एक आठवडा आधी.

आता इथे सगळ्यांचा एक गैरसमज असतो. लोकांना वाटतं हा बंकर आहे, खोल जमिनीत, काही केलं तरी न फुटणारा. अजिबात नाही! हे तळघर आहे, फाइली ठेवायचं. थेट डोक्यावर मोठा बॉम्ब पडला असता तर आतल्या लोकांचं काही खरं नव्हतं. म्हणून १९४०च्या शेवटी वरच्या बाजूला काँक्रीटचा थर ओतायला सुरुवात झाली, काही ठिकाणी तो दीड मीटर जाड आहे, त्याला तिथे नुसतं 'स्लॅब' म्हणायचे. टूरमध्ये हा स्लॅब एका ठिकाणी दिसतो, लोक पटकन पुढे जातात कारण बघायला काय तर सिमेंट, पण मी म्हणेन तिथे अर्धा मिनिट थांबा, कारण या सगळ्या जागेची सुरक्षा म्हणजे एवढंच होतं. लंडनच्या उत्तरेला डॉलिस हिलला खरंखुरं खोल बंकर बांधलेलं होतं, त्याचं सांकेतिक नाव पॅडॉक, पण वॉर कॅबिनेट, म्हणजे युद्धकाळातलं छोटं मंत्रिमंडळ, तिथे फक्त दोनदा भरलं. चर्चिलला ते आवडलं नाही, आणि पंतप्रधान शहर सोडून गेला असं लोकांना दिसणंही परवडणारं नव्हतं.

टूरच्या सुरुवातीलाच कॅबिनेट रूम लागते. टेबलं चौकोनात मांडलेली, मध्ये मोकळी जागा, एका बाजूला चर्चिलची लाकडी खुर्ची. मे १९४० मध्ये, पंतप्रधान झाल्यावर थोड्याच दिवसांत, तो इथे आला आणि म्हणाला की याच खोलीतून मी युद्ध चालवणार. तिन्ही सेनाप्रमुखांना तो त्या मधल्या मोकळ्या जागेत, अगदी समोरासमोर बसवायचा, म्हणजे बोलताना नजर चुकवायला जागाच नाही. खुर्चीच्या हातांवर ओरखडे आहेत, नखांचे आणि अंगठीचे. काचेतून ते दिसतात का? खरं सांगायचं तर नीट नाही. पण ऐकल्यावर सगळे वाकून बघतात, मीही बघितलं. भिंतीवरचं घड्याळ पाचला दोन मिनिटं कमी दाखवतं, कारण खोली १५ ऑक्टोबर १९४० च्या संध्याकाळच्या बैठकीसाठी लावून ठेवलीय. तीच तारीख का? आदल्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, ट्रेझरीच्या तेव्हाच्या इमारतीवर बॉम्ब पडला होता आणि दहा डाउनिंग स्ट्रीटच्या स्वयंपाकघराची वाट लागली होती, त्याच्या थोडंच आधी चर्चिलने स्वयंपाकीणबाईंना तिथून बाहेर काढलं म्हणून त्या वाचल्या. म्हणजे ते घड्याळ उगाच नाटकी थांबवलेलं नाहीये, वर राहणं धोक्याचं आहे हे सगळ्यांना पटलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची ती वेळ आहे.

वॉर कॅबिनेट या खोलीत एकूण ११५ वेळा भरलं. सहा वर्षांचं युद्ध बघता आकडा कमी वाटतो ना? कारण इथे रोज बैठका व्हायच्याच नाहीत. आकाश शांत असेल तेव्हा मंडळी वरच बसायची. बॉम्ब पडायला लागले की खाली. ७ सप्टेंबर १९४० पासून मे १९४१ पर्यंत ब्लिट्झ, म्हणजे जर्मन विमानांचे बॉम्बहल्ले, चालला, त्यात सुरुवातीला सलग ५७ रात्री लंडनवर बॉम्ब पडले, तेव्हा ही खोली सतत वापरात होती. मग जवळजवळ तीन वर्षं तुरळक. मग जून १९४४ मध्ये जर्मनांची व्ही-१ ही बिनपायलटची उडती बॉम्ब आली, सप्टेंबरमध्ये व्ही-२ रॉकेट आलं, आणि परत सगळे खाली. शेवटचं व्ही-२ ब्रिटनवर पडलं २७ मार्च १९४५ ला, आणि या खोलीतली शेवटची कॅबिनेट बैठक झाली २८ मार्चला. एवढ्या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की ही जागा काय होती ते कळतं.

पुढे ती प्रसिद्ध टेलिफोनची खोली. इथे ऑडिओवर सगळ्यांना हसू येतं, कारण दाराला संडासासारखं कुलूप आहे आणि स्टाफमधल्या बऱ्याच जणांची समजूत होती की हा चर्चिलसाहेबांचा खासगी संडास, बाकीच्यांना रासायनिक डबे आणि साहेबांना एकट्याला फ्लश! आत प्रत्यक्षात तो अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांशी, रूझवेल्टशी, फोनवर बोलायचा. गोष्ट इथे संपते आणि लोक पुढे जातात. पण खरी कमाल तर पुढेच आहे.

अडचण अशी होती की अटलांटिकपलीकडे फोन म्हणजे रेडिओ, आणि रेडिओ कुणीही पकडू शकतो. सुरुवातीला ए-३ नावाचा स्क्रँबलर होता, तो आवाजाचे तुकडे करून उलटसुलट लावायचा. जर्मन टपालखात्याच्या इंजिनिअरांनी तो फोडला, व्यापलेल्या हॉलंडमध्ये स्टेशन टाकलं आणि बोलणी ऐकायला लागले. म्हणून अमेरिकेच्या बेल लॅब्जने नवीन यंत्र बनवलं, सिगसॅली. एक टर्मिनल म्हणजे ५० टनांहून जास्त वजन, चाळीस कपाटं. ते त्या तळघरात मावणं शक्यच नव्हतं, म्हणून ते बसवलं ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या सेल्फ्रिजेस या डिपार्टमेंट स्टोअरच्या ॲनेक्सच्या तळघरात, आणि तिथून वायर वॉर रूम्सपर्यंत. त्या छोट्या खोलीत दिसतं ते नुसतं टोक आहे, हत्ती दुसरीकडेच बांधलेला होता.

ते चालायचं कसं? समजा तुम्ही बोलताय. यंत्र तुमचा आवाज जसाच्या तसा पाठवत नाही, तो सेकंदाला पन्नास वेळा मोजतं, कुठल्या पट्टीत किती जोर आहे वगैरे, आणि प्रत्येक मापाला ० ते ५ यातला एक आकडा देतं. समजा आकडा आला ४. आता दोन्ही टोकांना एकसारखी ग्रामोफोन रेकॉर्ड फिरतेय, तिच्यात गाणं नाही, निव्वळ खरखर आहे, आणि त्या खरखरीतूनही ० ते ५ मधले आकडे निघतात, कुठलाही नियम नसलेले. समजा या क्षणी रेकॉर्ड म्हणतेय ५. चार अधिक पाच नऊ, पाचाच्या वर गेलं की सहा वजा करायचे, राहिले ३. हवेतून जातो तो हा ३. मधे कुणी पकडला तर त्याच्या हाती फक्त ३, त्यामागे ४ होता का १ का ०, सांगायचा काही मार्ग नाही. वॉशिंग्टनला त्याच क्षणी रेकॉर्डवर ५ आहे, ते तीनातून पाच वजा करतात, शून्याच्या खाली गेलं की सहा मिळवतात, परत ४. झालं. यात दोन अटी मात्र लोखंडी: दोन्ही रेकॉर्ड एका क्षणाचाही फरक न पडता एकत्र फिरल्या पाहिजेत, आणि एकदा वापरलेली रेकॉर्ड परत कधीही वापरायची नाही, नष्ट करायची. बोलणं लांबलं तर? रेकॉर्डवर साधारण बारा मिनिटांचा माल, मग दुसरी लावायची. लंडन-वॉशिंग्टन जोडणी सुरू झाली जुलै १९४३ मध्ये, त्याआधी ब्रिटनकडून हे यंत्र तपासायला बेल लॅब्जला कोण गेलं होतं तर जर्मनांचे गुप्त संदेश फोडणारा गणितज्ञ ॲलन ट्युरिंग. आपल्या मोबाइलवरचं बोलणं आज सुरक्षित राहतं त्यामागे हीच मूळ कल्पना आहे, आवाजाचे आकडे करा आणि आकड्यांवर गुप्त किल्ली (इथे ती रेकॉर्डवरची खरखर) चालवा. संडासाचा विनोद छान आहे, पण त्या दारासमोर मला हे सांगायला कुणीतरी हवं होतं.

बाकी खोल्यांबद्दल एक गोष्ट माहीत असणं फार गरजेचं आहे. सगळं जसंच्या तसं राहिलेलं नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये, जपान शरण आल्यावर, मॅप रूमचे दिवे सहा वर्षांत पहिल्यांदा विझवले आणि लोक घरी गेले (तोपर्यंत चर्चिल निवडणूक हरून ॲटली पंतप्रधान झालेसुद्धा होते). १९४८ मध्ये सरकारने महत्त्वाच्या खोल्या जपायचं ठरवलं, त्यात मॅप रूम, कॅबिनेट रूम, चर्चिलची झोपायची खोली आणि ती टेलिफोनची खोली. बाकीच्या खोल्या रिकाम्या करून सामान ठेवायला वापरल्या. सामान्य लोकांसाठी जागा उघडली १९८४ मध्ये, इम्पीरियल वॉर म्युझियमच्या ताब्यात, आणि चर्चिल कुटुंबाची खोल्यांची रांग, स्वयंपाकघर वगैरे, नंतर परत मांडून २००३ मध्ये खुली केली. म्हणजे काही खोल्या अस्सल आणि काही जुने फोटो बघून उभ्या केलेल्या. दोन्हींकडे सारख्याच नजरेने बघू नका. झोपायच्या खोलीबद्दलही तसंच, तिथे चर्चिल रात्रभर झोपला फक्त तीन वेळा म्हणे, पण तिथूनच बीबीसीवर भाषणं केली, ११ सप्टेंबर १९४० चं त्यातलंच एक.

मॅप रूम अस्सल आहे आणि वेळ घालवायचाच असेल तर इथे घालवा. आर्मी, नेव्ही, एअर फोर्सचे अधिकारी चोवीस तास शिफ्टमध्ये बसायचे, मधे रंगीत टेलिफोनची रांग, तिला गमतीने 'ब्यूटी कोरस' म्हणायचे. काम काय? जगभरातून येणारी बातमी नकाशावर टाचणीने लावायची आणि रोज सकाळी राजा, पंतप्रधान आणि सेनाप्रमुखांसाठी एक सारांश तयार करायचा. आजच्या भाषेत लाइव्ह डॅशबोर्ड, फक्त स्क्रीनच्या जागी कागद आणि सर्व्हरच्या जागी माणूस. अटलांटिकचा नकाशा बघा, जहाजांचे ताफे सरकतील तशा टाचण्या सरकायच्या, इतक्या वेळा की समुद्राची अक्षरशः चाळण झालीय. एकेक भोक म्हणजे एकेका दिवशी तिथे असलेली जहाजं, आणि सगळी पोचली असं काही नाही. एका अधिकाऱ्याच्या खणात पाकिटात ठेवलेले साखरेचे तीन क्यूब्जही सापडले, रेशनमधले, जपून ठेवलेले.

आणि टायपिस्ट बायका. ऑडिओत त्यांच्या आठवणी लागल्या की पुढे ढकलू नका. कुठे काम करतो हे घरी सांगायची बंदी, शिफ्ट लांब, आणि झोपायला आणखी खालच्या मजल्यावर, त्याला 'डॉक' म्हणायचे, तिथे छत इतकं बुटकं की वाकून चालायचं, वर उंदीर. दिवसचे दिवस ऊन अंगाला लागत नाही म्हणून त्यांना अल्ट्राव्हायोलेट दिव्यांसमोर उभं करायचे. बाहेरचं हवामान कळायला पॅसेजमध्ये एक बोर्ड होता, आणि वर जोरात बॉम्बिंग चालू असलं की कुणीतरी त्यावर पाटी लावायचं: 'वादळी वारा'.

आता एक गोष्ट जी मराठी वाचकाच्या मनात येतेच. तेच वॉर कॅबिनेट १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळावर बसलं होतं. जपानने १९४२ मध्ये ब्रह्मदेश घेतला आणि तिथला तांदूळ बंद झाला, त्याच ऑक्टोबरात बंगालच्या किनाऱ्याला चक्रीवादळ, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारनेच जप्त केलेल्या होड्या आणि तांदूळ, वर युद्धाची महागाई. भारतमंत्री लिओ ॲमरीने पाच लाख टन धान्य मागितलं, ऑगस्टच्या बैठकीत कॅबिनेटने त्याच्या कितीतरी कमी देऊ केलं. माणसं मेली त्यांचे अंदाज साधारण वीस ते तीस लाख. जहाजंच नव्हती असं एक म्हणणं, आणि जहाजं कुणासाठी आधी याचा निर्णय कॅबिनेटनेच घेतला असं दुसरं, इतिहासकार आजही भांडतायत. एप्रिल १९४४ मध्ये चर्चिलने रूझवेल्टकडे जहाजं मागितली हेही खरं, आणि ती मिळाली नाहीत हेही. मला विचाराल तर जहाजं कमी होती हे मान्य, पण ॲमरीच्या डायरीतला चर्चिल भारतीयांबद्दल जे बोलतो ते वाचल्यावर नुसत्या जहाजांच्या हिशेबावर विश्वास ठेवणं जड जातं. म्हणून मॅप रूमपाशी मी एकदा पॉज दाबून बंगालचा उपसागर शोधला.

जाणार असाल तर वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन काढा, सकाळचा पहिला स्लॉट घ्या, सर्वात जवळचं ट्यूब स्टेशन वेस्टमिन्स्टर. सगळ्या फाइली ऐकायच्या भानगडीत पडू नका. आधी आवाज बंद ठेवून खोली बघायची, मग ऐकायचं, मग परत बघायचं, हा क्रम ठेवा, आणि काचेपाशी गर्दी असेल तर पुढे जाऊन परत मागे या. मधे चर्चिलच्या आयुष्यावरचं मोठं म्युझियम लागतं, २००५ मध्ये जोडलेलं, ते फार पसरलंय, थकला असाल तर सरळ सोडून द्या.

हँडसेट परत देऊन बाहेर आलात की समोर सेंट जेम्स पार्क, आणि पाठीमागे पायऱ्या. त्या पायऱ्यांचं नाव क्लाइव्ह स्टेप्स, आणि वर चौथऱ्यावर उभा आहे तो रॉबर्ट क्लाइव्ह, प्लासीवाला. चौथऱ्याच्या कडेने ब्राँझचे उठाव आहेत, एक अर्काटच्या वेढ्याचा, एक प्लासीच्या आदल्या रात्रीचा, आणि तिसरा १७६५ चा, ज्यात मुघल बादशहा बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करायचा हक्क, ईस्ट इंडिया कंपनीला देतोय. हँडसेट तोपर्यंत काउंटरवर जमा झालेला असतो.